वकील, निवृत्त पोलीस आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या ‘माझं आवडतं वाचन’ या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



माझ्या आधी ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, ‘श्यामची आई’वर झालं. सगळे कसे शांत, प्रसन्न चित्ताने बसला आहात. आणि आता मी खून, कोर्टकचेरी आणि पोलीस यांवर बोलणार आहे. सूत्रसंचालकांनी माझं नाव चहाच्या आधी का ठेवलं असेल ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मला रहस्यकथा वाचायचा नाद शाळेपासूनचा. आमच्या वाड्यात एक फिरतं वाचनालय यायचं. त्यात बाबूराव अर्नाळकर असायचे, त्यांचा झुंजार असायचा, काळा पहाड असायचा. वडील म्हणायचे, ‘असलं वाचून डोकं बिघडतं.’ आणि रात्री तेच पुस्तक उशीखाली घेऊन झोपायचे. कॉलेजात आल्यावर सुहास शिरवळकर हाती लागले. त्यांचे बॅरिस्टर अमर विश्वास आम्हा मैत्रिणींचे फारच लाडके. वकील हा हिरो असू शकतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. पुढे नोकरी लागली, लोकलचा प्रवास सुरू झाला आणि पेरी मेसन भेटला. अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील होते. 1933 साली त्यांनी पेरी मेसनची पहिली कादंबरी लिहिली आणि मग ऐंशीहून जास्त लिहिल्या. मेसनचा अशील नेहमी निर्दोष, आणि शेवटच्या काही पानांत भर कोर्टात खरा गुन्हेगार उघडा पडायचा. उतरायचं स्टेशन येईपर्यंत न्याय मिळालेला असायचा. फार समाधान वाटायचं.

पण आज मला बोलायचंय ते मायकल कॉनेली या लेखकाबद्दल. निवृत्तीनंतर माझ्या भाच्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं आणि म्हणाला, ‘मावशी, अर्धा तास वाच, नाही आवडलं तर परत दे.’ मी रात्री साडेदहाला वाचायला घेतलं. खाली पाण्याचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा घड्याळात पाहिलं, पहाटेचे साडेचार! पुस्तक होतं ‘द लिंकन लॉयर’. त्यानंतर मी त्याची पुस्तकं एकामागून एक वाचून काढली. घरी कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या, दोनदा डाळ करपली, पण पुस्तक खाली ठेवलं नाही.

हा कॉनेली आधी वार्ताहर होता. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये गुन्हेगारीच्या बातम्या द्यायचा. त्यामुळे पोलीस ठाण्यात कागद कसे फिरतात, कोण कोणाशी कसं बोलतं, कोर्टाच्या व्हरांड्यात काय चालतं, हे त्याला आतून माहीत आहे. त्याची दोन माणसं प्रसिद्ध आहेत. एक पोलीस, एक वकील.

पोलीस म्हणजे हॅरी बॉश. पहिली कादंबरी 1992 ची, ‘द ब्लॅक एको’. त्याचं पूर्ण नाव हायरॉनिमस बॉश, पाचशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकाराचं नाव आईने ठेवलेलं. तो लहान असतानाच त्या आईचा खून झाला. ती वेश्याव्यवसायात होती, म्हणून पोलिसांनी त्या तपासाकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि हे त्याच्या मनात कायमचं बसलं. मेलेला माणूस मोठा असो की रस्त्यावरचा, तपास सारखाच झाला पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्यापायी वरिष्ठांशी सतत खटके. व्हिएतनाम युद्धात लढून आलेला, एकटा राहणारा, रात्री जॅझ ऐकणारा. आणखी एक गंमत सांगते. रहस्यकथेतले नायक सहसा म्हातारे होत नाहीत. हा होतो. तो 1950 सालचा आहे, आणि पुस्तकं पुढे जातात तसं त्याचं वय वाढतं, गुडघे दुखायला लागतात, तो निवृत्त होतो. आपल्यासारखाच. म्हणून तो मला जास्त जवळचा वाटतो.

वकील म्हणजे मिकी हॉलर. हा आरोपींचा वकील. त्याला ऑफिस नाही. लिंकन गाडीच्या मागच्या सीटवर बसून तो काम करतो. ड्रायव्हर कोण? त्याचाच एक जुना अशील. फी द्यायला पैसे नव्हते, म्हणून गाडी चालवून फेडतोय! लॉस एंजेलिस परगणा एवढा पसरलेला की कोर्टं इकडे-तिकडे कुठेही, त्यामुळे वकिलाचा दिवस रस्त्यावरच जातो. ही कल्पना कॉनेलीला सुचली कशी? बेसबॉलच्या सामन्याला शेजारी एक वकील बसला होता, त्याने बोलता बोलता सांगितलं की मी गाडीतूनच वकिली करतो. शेजाऱ्याशी गप्पा मारल्याने काय मिळू शकतं बघा. आपल्या लिफ्टमध्ये मात्र सगळे मजल्याच्या आकड्याकडे बघत उभे असतात.

हॉलर काही मेसनसारखा साधुपुरुष नाही. त्याचे बहुतेक अशील खरंच दोषी असतात, आणि हे त्याला माहीत असतं. तो युक्त्या करतो, पैशाचा हिशेब बघतो. पण एक मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं, की सरकारी बाजूने आपला आरोप सिद्ध करायला हवा, आणि तो सिद्ध होतो की नाही हे तपासणं हे त्याचं काम. हे काम कोणीच केलं नाही तर पोलीस ज्याला धरतील तो गुन्हेगार.

आता गंमत अशी की हे दोघे सावत्र भाऊ निघतात. वडील एक, आया वेगळ्या. बॉशला ते आधीपासून ठाऊक असतं, हॉलरला कळतं ते 2008 च्या ‘द ब्रास व्हर्डिक्ट’मध्ये. एक भाऊ जन्मभर लोकांना आत टाकणारा, दुसरा त्यांना बाहेर काढणारा. आपल्याकडे असते तर दिवाळीला एका पंगतीला बसवणं कठीण झालं असतं.

आणि खरी मजा येते ती बॉश पोलीस खात्यातून बाहेर पडल्यावर. 2015 च्या ‘द क्रॉसिंग’मध्ये हॉलर त्याला म्हणतो, माझा अशील निर्दोष आहे, तू तपास कर. बॉशला हे जड जातं. आरोपीच्या बाजूने काम करणं म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने गद्दारी. जुने सहकारी तोंड फिरवतात. पण तो कागद वाचायला बसतो, आणि त्याला दिसतं की तपास करणाऱ्यांनी एक गोष्ट सोडून दिली आहे. एकदा ते दिसल्यावर त्याला गप्प बसवत नाही. 2020 च्या ‘द लॉ ऑफ इनोसन्स’मध्ये तर हॉलरलाच अटक होते, त्याच्या गाडीच्या डिकीत प्रेत सापडतं आणि तो तुरुंगात बसून स्वतःचा खटला लढवतो. 2023 च्या ‘रिझरेक्शन वॉक’मध्ये बॉश सत्तरी ओलांडलेला, कॅन्सरवर उपचार घेणारा, हॉलरच्या गाडीत बसून तुरुंगातून आलेली कैद्यांची पत्रं चाळतो. ‘मी हे केलेलं नाही’ असं लिहिणारे अनेक. त्यातलं खरं कोणाचं? एक पत्र त्याला खटकतं. पुढचं मी सांगणार नाही. पुस्तक आपल्या कपाटात ठेवलंय, सही करून घेऊन जा.

ही पुस्तकं हातातून सुटत का नाहीत याचा मी विचार केला. प्रकरणं छोटी असतात, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी थांबतं की ‘आता झोपावं’ असं म्हणायची सोय राहत नाही. पण तेवढंच कारण नाही. आपल्याला कामाची माहिती मिळत जाते. अमेरिकेत ज्यूरीतल्या बारा माणसांची निवड कशी होते, वकील एकेकाला प्रश्न विचारून कसं जोखतात, सरकारी पक्षाने आपल्याकडचा पुरावा आरोपीला आधी दाखवायलाच कसा हवा, हे सगळं गोष्टीच्या ओघात कळतं. आपल्याकडे ज्यूरी आता नाही. आपल्या ज्येष्ठांना नानावटी खटला आठवत असेल. 1959 साली मुंबईत ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं आणि पुढे उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्यूरी गेली, पण बाकीची तत्त्वं आपल्याकडेही तीच आहेत. आरोपपत्राची प्रत आरोपीला फुकट द्यावी लागते. वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आहे. पैसे नसतील तर सरकारने वकील द्यायचा. आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तर 1872 च्या पुरावा कायद्यापासून आहे. कारण इंग्रजांनाही माहीत होतं की घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो.

इथपर्यंत मी तुम्हाला हसवलं. आता जे सांगणार आहे ते अध्यक्षांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे.

‘द लिंकन लॉयर’मध्ये एक छोटं उपकथानक आहे. हॉलरचा एक जुना अशील, गरीब माणूस, जन्मठेप भोगतोय. खुनाचा आरोप होता. तो पुन्हापुन्हा सांगत होता की मी केलं नाही. पण पुरावा विरुद्ध होता, फाशीची भीती होती. हॉलरने त्याला समजावलं, गुन्हा कबूल कर, निदान जीव वाचेल. त्याने कबूल केलं. हॉलरला वाटलं आपण त्याचं भलं केलं. आणि काही वर्षांनी एका दुसऱ्या केसचे फोटो बघताना त्याच्या लक्षात येतं की तो माणूस खरं बोलत होता. आपण त्याचं ऐकलंच नव्हतं. ते प्रकरण मी वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी पुस्तक मिटलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली वॉचमनची केबिन दिसत होती.

आपली सोसायटी होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नव्या लोकांना माहीत नसेल, जुन्यांना आठवत असेल. गणपतीची वर्गणी, साडेअठरा हजार रुपये, ऑफिसच्या कपाटातून नाहीशी झाली. कपाटाची एक किल्ली चिटणीसांकडे असायची, दुसरी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली. रात्रपाळीला जे काका होते ते इमारतीला रंग लागत होता तेव्हापासून आपल्याकडे होते. पहाटे साडेचारला पंप सुरू करायचे, कोणाच्या घरी रात्री डॉक्टर लागला तर रिक्षा तेच शोधून आणायचे. माझा मुलगा दहावीला असताना रात्री क्लासहून उशिरा यायचा, तर काका गेटबाहेर जाऊन उभे राहायचे.

तातडीची मीटिंग झाली. मी तेव्हा कमिटीवर होते. सात जण खुर्च्यांवर बसलो होतो आणि काका उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. ते एकच सांगत होते, ‘मी पैसे बघितलेसुद्धा नाहीत.’ कोणी म्हणालं पोलिसांत देऊ. कोणी म्हणालं भानगड नको, सणाचे दिवस आहेत. मग मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, ‘काका, लिहून द्या. प्रकरण मिटेल. मुलीचं लग्न ठरलंय ना तुमच्या? पोलीस घरी आले तर कसं दिसेल?’ ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही म्हणताय तर देतो.’ कागद मीच लिहिला. ‘झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.’ त्यांनी खाली सही केली. त्यांचा एक महिन्याचा पगार आपण वळता करून घेतला आणि महिनाअखेरीला ते गेले. मला तेव्हा वाटलं, मी त्यांना वाचवलं. चार लोकांनी माझं कौतुकही केलं, किती समजूतदारपणे मिटवलंत म्हणून.

त्या रात्री पुस्तक मिटल्यावर मी वही काढली आणि बॉश करतो तसं केलं. त्या दोन दिवसांत ती खिळ्यावरची किल्ली कोणाकोणाच्या हाती गेली असेल ते आठवून लिहिलं. मांडवाचे दिवे न्यायला आलेली दोन माणसं. प्लंबर. कॅरमबोर्ड काढायला आलेली मुलं, तीन तरी. ऑफिस झाडायला येणाऱ्या बाई. दिवसपाळीचा वॉचमन. रात्रपाळीचे काका. वर्गणीच्या पावत्या ठेवायला गेलेले कमिटीतले दोघे. अकरा माणसं झाली. त्या शेवटच्या दोघांतली एक मी. अकरांपैकी दहा जणांना आपण काहीच विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही.

काकांनी पैसे घेतले नव्हते असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. घेतले असतील, नसतीलही. आपण ते शोधलंच नाही, एवढं मात्र मला माहीत आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपला कायदा मानत नाही, आणि आपण सात जणांनी घाबरलेल्या माणसाकडून लिहून घेतलेला कागद मानला. तो अजून जुन्या फायलीत आहे. मी बघून आले. अक्षर माझंच आहे.

मी त्यांचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. ज्या एजन्सीतर्फे ते आले होते ती बंद झाली आहे. गावाचं नाव कोणालाच धड आठवत नाही. आपल्यापैकी कोणाला त्यांचा पत्ता, मुलीचं सासर, काहीही माहीत असेल तर कृपा करून मला सांगा. त्यांचं नाव मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही. आधी त्यांच्या माघारी एकदा बोललोच आहोत, पुन्हा नको.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यांचा कापलेला एक महिन्याचा पगार परत देण्याचा ठराव मांडावा. ते सापडेपर्यंत रक्कम वेगळी ठेवावी. ते दोषी होते की नव्हते हा प्रश्न त्यासाठी सोडवायची गरज नाही. सिद्ध न करता पगार कापायचा आपल्याला अधिकार नव्हता, एवढं पुरे आहे. ठरावावर सूचक म्हणून माझं नाव घाला. दुसरी विनंती, स्मरणिकेत पंचवीस वर्षांतल्या कर्मचाऱ्यांची यादी येणार आहे असं ऐकलं. मसुद्यात मी बघितलं, काकांचं नाव नाही. ते घालावं. आपल्या गेटवर त्यांनी अकरा वर्षं रात्री काढल्या आहेत.

किल्ल्यांचं म्हणाल तर आताच्या कमिटीने ऑफिसच्या किल्लीसाठी नोंदवही ठेवली आहे. किल्ली नेणाऱ्याने वेळ घालून सही करायची. काही जणांना ते जाचक वाटतं. मी स्वतः सही करते आणि मला बरं वाटतं. उद्या काही झालं तर कागद बोलेल, कोणाच्या गरिबीवरून अंदाज बांधावा लागणार नाही.

लोक मला विचारतात, या वयात असलं काय वाचता? ज्यांना वाचून बघायचंय त्यांनी ‘द लिंकन लॉयर’पासून सुरुवात करावी, मग ‘द ब्रास व्हर्डिक्ट’, मग ‘द क्रॉसिंग’. बॉश पहिल्यापासून हवा असेल तर ‘द ब्लॅक एको’. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत, मला जमलं तर तुम्हालाही जमेल. माझ्याकडच्या प्रती मी सोसायटीच्या वाचनालयाला दिल्या आहेत. एकच अट, शेवट कोणी लिफ्टमध्ये सांगायचा नाही. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी मला एकदा तळमजला ते पाचवा मजला एवढ्या वेळात अख्ख्या पुस्तकाचा खुनी सांगून टाकला होता. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

चहा तयार आहे असं खुणावताहेत.  ठरावाच्या वेळी हात वर करायला मात्र नक्की या.